विनंती विशेष

आबासाहेब वाकनीस रोज सकाळी साडेसहाला आमच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे उभे राहून मला देवासची खबर देतात. मी ती मागितलेली नाही.

"मास्तरीणबाई, इत्तला!" अशी हाक येते. मी दात घासत असेन, गॅसवर दूध उतू जात असेल, काही चालत नाही. उठून भिंतीशी जावंच लागतं. नाही गेलं तर तीच हाक दर अर्ध्या मिनिटाने चढत्या आवाजात येते आणि मग सगळी गल्ली इत्तला ऐकते. पांढरा लेंगा, बारा महिने तोच तपकिरी बंद गळ्याचा कोट, कानाला मफलर आणि हातात लाल पुठ्ठ्याची वही. वय एकोणऐंशी. चष्मा कपाळावर ढकलायचा, वही नाकाशी आणायची आणि सुरू.

"कलम एक, हवा. थंडी कालच्याइतकीच. कलम दोन, पाणी. नळ पाच चाळीसला आले, सहा पाचला गेले, धार बारीक. कलम तीन, रस्ता. टेकडीकडे काल खणलेला खड्डा आजही खणलेलाच आहे. कलम चार, कोपऱ्यावरच्या घरात पहाटे दिवा. चौकशी केली, नातीची परीक्षा. कलम पाच, पोहेवाल्याने शेव कमी घालायला सुरुवात केली आहे. कलम सहा, काही नाही."

"काही नाही, तर मग कलम सहा कशाला?" मी एकदा चिडून विचारलं.

"काही नाही हीसुद्धा खबर आहे, बाई. काल काही नव्हतं, आज काही नाही, हे ज्याला माहीत असतं त्यालाच उद्या काही झालं तर कळतं."

मी चाळीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं. त्यात माझं डोकं जेवढं उठायचं तेवढं उठलं होतं. निवृत्त झाल्यावर आणि यजमान गेल्यावर शांतपणे एकटीने राहावं, उशिरा उठावं, एवढीच माझी अपेक्षा होती. ती या माणसाने पार धुळीला मिळवली. ऐकून घ्यायची नाही म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "इत्तला देणं माझं काम. ऐकणं तुमचं प्रारब्ध."

हे खूळ त्यांच्या रक्तातलं आहे असं ते स्वतःच सांगतात. वाकनीस म्हणजे राज्यात रोज काय घडलं ते लिहून राजाच्या कानावर घालणारा. आता, देवासची तऱ्हा तुम्हांला ठाऊक नसेल तर सांगते. जुन्या काळी या एका गावात दोन राज्यं होती. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण गाद्या दोन, दरबार दोन. आबासाहेबांचे पणजोबा थोरल्या पातीकडे. बाकीच्या संस्थानांत परराज्याची बातमी काढायची तर माणसाला घोड्यावर बसून मजल दरमजल जावं लागे. हे पणजोबा दुपारचं जेवण झालं की वहाणा पायात सरकवून रस्ता ओलांडत. बडीशेप चघळून संपायच्या आत परराज्यातून परत.

"आमच्या घरी कागद होता," आबासाहेब सांगतात. "पलीकडे आज वांग्याची भाजी. मीठ जास्त. मुदपाकखान्यात कुरबुर."

"कुठे आहे तो कागद?"

"वाळवीने खाल्ला. मजकूर पाठ आहे."

वाळवीने खाल्लेल्या कागदांची आबासाहेबांकडे फार मोठी संपत्ती आहे. त्यातूनच त्यांनी घराण्याचे नियम काढलेले आहेत. इत्तला तोंडी द्यावी, नुसती पाठवू नये, कारण पाठवलेली वाचली जात नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून मजकूर बदलू नये. आणि तिसरा नियम असा, की वाकनिसाने स्वतःच्या घरातली गोष्ट दरबारी बोलू नये. हा तिसरा नियम त्यांनी इतका पाळला, की भिंतीला भिंत लागून असूनही मला त्यांच्या घरातलं कधी काही कळलं नाही. त्यांच्या सौभाग्यवती सुमतीवहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हासुद्धा मला आधी कसली कुणकुण नव्हती. एके दिवशी त्यांना इंदूरला नेलं, डॉक्टर म्हणाले फार उशीर झाला, आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. मी रोज सकाळी भिंतीशी उभी राहून नळाची धार ऐकत होते.

आबासाहेबांनी नोकरी केली ती एका सरकारी कचेरीत, आवक-जावक बाबू म्हणून. आलेल्या कागदावर नंबर घालायचा, गेलेल्या कागदावर नंबर घालायचा, एवढंच काम. पण त्यांनी स्वतःच्या मनाने त्यात भर घातली. रोज सकाळी साहेबांच्या टेबलावर एक पान. कोणत्या तालुक्यात काय कुजबुज आहे, कुठली विहीर आटली, कोणाचा कोणाशी तंटा आहे. कोणी सांगितलं नव्हतं. साहेब बदलत, पान चालू. एक साहेब न वाचताच पानाखाली 'देखा' असं लिहून सही करत. आबासाहेबांना संशय आला. एके दिवशी त्यांनी मधोमध लिहिलं, 'साहेब हे वाचत नाहीत.' संध्याकाळी पान परत आलं. खाली लिहिलं होतं, 'देखा.'

ते पान अजून त्यांच्याकडे आहे. त्याला वाळवी लागलेली नाही.

त्यांचं एक मत मात्र अगदी ठाम. नवा साहेब येणार म्हणजे त्याने चार्ज घेण्याच्या आधीचे जे दिवस असतात, ते खरे ऐकण्याचे दिवस. "एकदा खुर्चीत बसला की माणूस सांगायला लागतो. मग त्याला ऐकू येत नाही. कान असतात तिथेच, पण काम करत नाहीत."

हे मत त्यांनी कचेरीपुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण झालं असं, की सातासमुद्रापलीकडच्या एका बलाढ्य देशात निवडणूक झाली. निवडून आलेला गृहस्थ अजून गादीवर बसायचा होता, दोन महिने बाकी होते. तिथे म्हणे अशी रीत आहे, की निवडून आल्या दिवसापासूनच त्याला रोज सकाळी जगभरच्या गुप्त खबरा सांगायच्या. या गृहस्थाने सांगून टाकलं, रोज नको. तेच तेच ऐकायला मला वेळ नाही, काही बदललं तर या सांगायला. ही बातमी रविवारी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर हिंदी पेपरात आली आणि आबासाहेबांच्या हातातली बशी तिरपी झाली.

मी तिथेच होते, पोहे बांधून घेत होते. पोहेवाला रामू भिया जिलबी तळता तळता म्हणाला, "आबासाब, बात तो उसकी सई है. रोज-रोज एक ही बात सुन के आदमी पागल नी हो जाए? कुछ नया हो तो बता दो, बस."

आबासाहेब शांतपणे म्हणाले, "भिया, इस कढाई का तेल कब बदलना है, ये तुमको कौन बताता है?"

"कौन बताएगा? दिख जाता है."

"एकदम दिख जाता है?"

"अब रोज देखते हैं तो..."

"रोज देखते हो ना? बस."

रामू भियाने झारा थांबवून तेलाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पोहे घेऊन मी घरी आले, पण जिलबी घेतली नाही.

तरी खरं सांगायचं तर मला त्या परदेशी गृहस्थाचंच पटलं होतं. मला तर वाटलं, काय नशीबवान माणूस आहे, नको म्हणू शकतो! त्याला भिंत नाही, साडेसहाची हाक नाही. उद्या मीही तसंच सांगावं, असा बेत करत मी झोपले. सकाळी इत्तला झाली ती एका कलमाची. "कलम एक. आम्ही त्यांना पत्र लिहितो आहोत. इंग्रजी तुम्ही करायचं."

पुढचा महिनाभर मी ते पत्र करत होते. रोज सकाळी भिंतीवरून त्यांच्या हातच्या मराठीचं अर्धं पान यायचं, दुसऱ्या दिवशी मी इंग्रजी परत द्यायचं. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं. सुरुवात अशी होती: 'राजमान्य राजश्री नियोजित राष्ट्रप्रमुख यांचे सेवेशी, देवास मुक्कामाहून आत्माराम गणेश वाकनीस यांचे कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.' विनंती विशेष म्हणजे एवढंच, की नमस्कार झाले, आता कामाचं ऐका. मी लिहिलं, डियर सर.

आबासाहेबांनी कागद उलटा करून पाहिला. "एवढ्या मजकुराचे दोनच शब्द?"

"इंग्रजीत इतकंच असतं."

"मग ते लोक ऐकून घेत नाहीत यात नवल काय!"

पहिल्या पानावर घराण्याची ओळख होती, वांग्याच्या भाजीसकट. दुसऱ्या पानावर 'देखा'वाल्या साहेबांची हकीकत. मी करत गेले. शिव्या देत, कंटाळत, पण करत गेले, कारण त्या अर्ध्या पानाच्या मोबदल्यात रोजची इत्तला तेवढी आखूड झाली होती. मग तिसरं पान आलं. ते मी इथे जसंच्या तसं उतरवते.

'आपण म्हणता, काही बदल झाला तरच कळवावे. तर बदल एका दिवसात होत नाही, हे अनुभवाने लिहितो. एका घरातील बाई दोन पोळ्या जेवत असे. पुढे पावणेदोन जेवू लागली. थंडीचे दिवस, भूक मंदावते, असे वाटले. मग दीड. मग बरेच दिवस दीडच. मग सव्वा. आजचे जेवण कालच्या जेवणासारखेच होते. कोणत्याही एका दिवशी कळवण्याजोगे काही नव्हते. तर मग कोणत्या दिवशी फोन करावयास हवा होता? तू सांग. तू बसमध्ये होतास. म्हणालास, बाबा, रोज तेच तेच असतं, काही खास असेल तरच फोन करत जा. नोकरीत असता मी कोणाचा हुकूम मोडला नाही, तुझाही मोडला नाही. आई गेली त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणालास, मला का नाही सांगितलंत. खास काही नव्हते. पाव पोळीच होती. आणि तुला तरी बोल कसा लावू? मी समोरच्या पाटावर बसून रोज जेवत होतो. मलाही दिसली नाही. तरी आपण गादीवर बसण्यापूर्वीपासूनच रोज ऐकण्याचा परिपाठ ठेवावा, ही विनंती. चौथा मुद्दा, दुभाष्यांबद्दल.'

मी ते पान दोनदा वाचलं. मग उठून उगाचच घरातून एक फेरी मारली.

त्यांचा मुलगा मिलिंद धारला असतो. नोकरी गंधवानीला, धारहून रोज बसने अप-डाउन. बापलेकांचं बोलणं नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. का नाही, ते कोणाला माहीत नव्हतं. वहिनी गेल्या त्या दिवशी मिलिंद जे ओरडला ते मी ऐकलं होतं, पण दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणून सोडून दिलं होतं. आता मी आठवू लागले. आबासाहेब भिंतीशी पहिल्यांदा आले ती तीनेक वर्षांपूर्वीची थंडी. त्याआधी रोज सकाळी त्यांच्या अंगणातून फोनवरचा खणखणीत आवाज यायचा, "कलम एक, हवा." एके दिवशी तो आवाज थांबला आणि दुसऱ्या दिवशी हाक आली, मास्तरीणबाई, इत्तला. मी इतकी वर्षं समजत होते की गल्लीतली शिकलेली बाई म्हणून माझी निवड झाली. माझी निवड वगैरे काही झाली नव्हती. मुलाने फोन ठेवला होता आणि मी भिंतीपलीकडे होते, इतकंच. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाज वाटली.

मी इंग्रजी करायला बसले. आणि तिथे एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. मराठीत ते पान मधोमध फाटलेलं होतं. वर आपण, खाली आपण, आणि मध्ये तू. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच शब्द. यू. मी एकही शब्द न बदलता भाषांतर केलं आणि फाटलेलं कुठे दिसेनासंच झालं. त्या देशातला कोणी कारकून ते वाचेल, तर फार तर डोकं खाजवील, की आमचे साहेब बसमध्ये कधी बसले होते?

सकाळी मी पान भिंतीवरून दिलं. "आबासाहेब, हे तिसरं पान..."

"काय झालं? व्याकरण चुकलं?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. आपण काय लिहिलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून ते माझ्याकडे तसं पाहत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

"नाही. बरोबर आहे."

"मग जाऊ द्या. इत्तला आहे तशी जावी. आणि माझ्या हातची प्रत तुमच्याकडेच ठेवा, दप्तरी एक असावी."

पत्र गेलं. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचून आबासाहेबांकडे पाहिलं, आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने निमूटपणे शिक्का मारला. उत्तर येणार नव्हतं आणि आलंही नाही. गृहस्थ गादीवर बसायची वेळ जवळ येत चालली. आबासाहेब रोज पेपर पाहायचे आणि मला कलम सातमध्ये सांगायचे, "अजून ऐकत नाहीत."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला दर वर्षी धारला बहिणीकडे बोलावणं असतं. दर वर्षी मी काही ना काही सबब काढते, कारण देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार अशा दोन बसमध्ये माझी कंबर राहत नाही. या वर्षी गेले. पर्समध्ये तिळगुळाची पुडी होती आणि त्याखाली आबासाहेबांच्या हातची प्रत. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही. बसमध्ये सारखं वाटत होतं, की उतरावं आणि परत फिरावं. पण फिरले नाही.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मिलिंदच्या घरी गेले. मुंज तलावापासून थोडं आत त्याचं घर. बायको-मुलं माहेरी गेली होती. त्याने दार उघडलं आणि माझ्याकडे पाहून त्याचा चेहरा पडला. वयाच्या पन्नाशीत तो अगदी आबासाहेबांसारखा दिसायला लागला आहे, फक्त मफलर नाही.

"काकू? बाबांना काही झालं?"

"काही झालं नाही. चहा कर."

चहा झाल्यावर मी कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने पहिलं पान उचललं, जवळ धरलं, लांब धरलं.

"हे मोडी आहे का?"

"मोडी कसली? बाळबोधच आहे. अक्षर तसं आहे."

"नाही जमणार, काकू. माझं सगळं स्कूलिंग हिंदीत. बाबा ओरडायचे, पण मराठी वाचायला मी कधी बसलोच नाही. तुम्हीच वाचा ना."

मग मी वाचलं. वांग्याच्या भाजीला तो हसला. म्हणाला, ये तो हजार बार सुना है. 'देखा'ला पण हसला. तिसरं पान सुरू झालं तेव्हा तो खुर्चीत रेलून बसला होता. मी एका सुरात, न थांबता वाचत गेले. वर्गात धडा वाचताना मुलांकडे पाहिलं की आपलाच आवाज बिघडतो, हे मला अनुभवाने माहीत आहे.

"थांबा," तो म्हणाला. "काय वाचलं आत्ता? परत वाचा."

"तू सांग. तू बसमध्ये होतास."

मी पान शेवटपर्यंत वाचलं, दुभाष्यांपर्यंत. तो खिडकीकडे बघत होता.

"म्हटलं होतं मी," तो म्हणाला. "बसमध्ये खडा होतो, एका हातात डबा, एका हातात फोन. ते सांगत होते नळ किती वाजता आले. मी बोललो, बाबा, खास काही असेल तर सांगत जा. बस, इतकंच, काकू. मी भांडलो पण नव्हतो."

"मला माहीत आहे."

"आणि ते एकदम बंदच करतील, हे मला काय माहीत?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाला तू ओळखत नाहीस?"

हे मी बोलायला नको होतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि मग एकदम टेबलावरचा फोन ओढला. माझ्यादेखतच लावला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावरच ठेवला. तीन-चार घंट्या वाजल्या.

"कोण?" आबासाहेबांचा आवाज.

"बाबा, मी."

पलीकडून घाईघाईने, "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. कोणी नाही, बाबा."

"मग?"

"असंच."

असंच फोन करतात हे आबासाहेबांना झेपलं नसावं. "बरं," ते म्हणाले. "प्रकृती?"

"ठीक," मिलिंद सवयीने म्हणाला. मग टेबलावरच्या त्या पानाकडे त्याची नजर गेली आणि त्याने मान हलवली. "नाही. शुगर आहे मला. चार वर्षं झाली."

"चार वर्षं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, त्यांना नको सांगूस, जिवाला घोर लावून घेतील."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. गावभरची खबर ठेवणारा माणूस, आणि त्याच्या घरातली एवढी मोठी गोष्ट त्याच्या ताटासमोर रोज बसून जेवत होती.

"मला ती काही बोलली नाही," आबासाहेब म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "तुमचं बोलणं व्हायचं?"

"रोज. दुपारी. माझा डबा खायचा टाइम असायचा तेव्हा. तुम्ही झोपलेले असायचे." मिलिंद थांबला. "बाबा, ती रोज पूछायची, जेवलास का. रोज. मी कधी उलटं विचारलंच नाही, की तू जेवलीस का."

मी पर्स उचलली, चप्पल पायात घातली. तिळगुळ द्यायचा राहिला होता, तो टेबलाच्या कडेला ठेवला.

"आणखी काय बोलायचात?" आबासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. असंच काहीतरी."

"असंच म्हणजे काय? मला सांग."

"सगळं?"

"जेवढं आठवतं तेवढं."

मिलिंदने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मी दार ओढून घेत होते तेव्हा तो सुरुवात करत होता, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. आईने एकदा डब्यात कारलं न्यायला सांगितलं होतं त्याबद्दल काहीतरी. एकदम बोलायला गेला आणि अडखळला.

"सावकाश," पलीकडून आवाज आला, "मी ऐकतोय."